शून्याकडे, शून्याकडून

मागच्या बैठकीत मी आठ ओव्या वाचल्या होत्या, आठवतंय ना? वाचून झाल्यावर एक क्षण शांतता होती आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, "ओवी हल्ली कोण लिहितं गं? हे म्हणजे नऊवारी नेसून सेल्फी काढल्यासारखं!" सगळे हसले. मीही हसले. चहा झाला, घरी आले आणि रात्री झोप काही लागेना. कारण बोलणारा चुकीचं बोलला होता असं छातीठोकपणे म्हणता येईना. आपण जुन्या रूपात लिहितो तेव्हा नेमकं काय करतो? नटतो, नक्कल करतो, की आणखी काही? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे. उत्तर ज्ञानेश्वरीत किंवा ख्रिस्तपुराणात सापडलं असतं तर आपल्या अभ्यासक्रमाला शोभलं असतं. पण ते सापडलं इटलीतल्या जेनोव्हा शहरातल्या एका रॉक बँडमध्ये. त्याला माझा इलाज नाही.

माझा मावसभाऊ बंगळुरात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार बेस गिटार वाजवतो. त्याने एकदा मला दोन अल्बम ऐकवले. पहिला १९७३चा, दुसरा २०१३चा. म्हणाला, "पहिल्याचं शेवटचं गाणं ऐक आणि लगेच दुसऱ्याचं पहिलं. मध्ये थांबू नको." पहिल्याच्या शेवटच्या गाण्याचं नाव 'रितोर्नो आल नुल्ला'. दुसऱ्याच्या पहिल्या गाण्याचं नाव 'रितोर्नो दाल नुल्ला'. मला वाटलं, छपाईची चूक. आमच्या चर्चमध्ये बरीच वर्षं इटलीत राहून आलेल्या एक सिस्टर आहेत, त्यांना रविवारी मिस्सानंतर गाठलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "चूक नाही बाळ. 'आल नुल्ला' म्हणजे शून्याकडे. 'दाल नुल्ला' म्हणजे शून्याकडून. पहिला परत जातोय, दुसरा परत येतोय." एक 'द' वाढला आणि माणसाने पाठ फिरवली होती त्याने तोंड वळवलं. चाळीस वर्षांनी! व्याकरणाच्या तासाला शब्दयोगी अव्ययं शिकताना मी कधी एवढी सावध झाले नव्हते.

आता जरा मागे जाऊन हे दोन अल्बम कोणाचे ते सांगते.

१९७३चा अल्बम 'फेलोना ए सोरोना' हा 'ले ओर्मे' या बँडचा. ले ओर्मे म्हणजे पाऊलखुणा. व्हेनिसच्या परिसरातली ही तीन माणसं: आल्दो ताल्यापिएत्रा गायचा आणि बेस वाजवायचा, तोनी पाल्यूका कीबोर्डवर, मिकी देई रोस्सी ड्रमवर. (ताल्यापिएत्रा पुढे सतारही शिकला आणि वाजवू लागला, हे कळल्यावर मला उगीचच आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं.) साठच्या दशकात ही मुलं त्या वेळच्या फॅशनप्रमाणे बीट संगीत वाजवत. १९७१च्या 'कोलाज' या अल्बमपासून त्यांनी वाट बदलली. त्या अल्बमच्या सुरुवातीलाच त्यांनी अठराव्या शतकातल्या दोमेनिको स्कार्लात्तीची एक सोनाटा विद्युत वाद्यांवर वाजवली आहे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जे संगीत आज 'जुनं' म्हणून पुन्हा वाजवलं जातं, ते स्वतःच आपल्याहून जुनं संगीत घेऊन उभं राहिलं होतं.

या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, चाहते नुसतं 'प्रोग' म्हणतात. साधारण १९६९-७०च्या सुमारास इंग्लंडमध्ये हे सुरू झालं. तीन मिनिटांचं गाणं पुरेना म्हणून वीस-वीस मिनिटांच्या रचना, तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणाऱ्या. त्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ, लोकसंगीत असं काय काय. इंग्लंडमध्ये हे झालंच, पण इटलीत ते अशा जमिनीत पडलं की बघायला नको. तिथे ऑपेरा हे रस्त्यावरच्या माणसाचं संगीत होतं. संगीत विद्यालयांत रीतसर शिकलेली तरुण मुलं होती. इंग्लंडमधल्या व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडला त्यांच्या घरी विचारणारे थोडे होते, पण त्यांचा 'पॉन हार्ट्स' हा १९७१चा अल्बम इटलीत पहिल्या क्रमांकावर पोचला. आणि १९७२-७३ या दोन वर्षांत इटलीत जे अल्बम निघाले त्यांची नुसती यादी केली तरी पान भरेल. मिलानच्या प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनीचा 'स्तोरिया दी उन मिनुतो', रोमच्या बांको देल मुतुओ सोक्कोर्सोचा 'डार्विन!', आणि जेनोव्हाच्या लात्ते ए मिएले यांनी तर संत मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूच्या दुःखसहनाची कथाच रॉकमध्ये बांधली. लेंटमध्ये मी तो अल्बम घरी लावला तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे पॅशन आहे की पिक्चर?" दोन्ही आहे, आई. (नावंही कशी पाहा. फोर्नेरिया म्हणजे पावाची बेकरी! एका बेकरीच्या नावावरूनच ते ठेवलं होतं.)

'फेलोना ए सोरोना' ही दोन ग्रहांची गोष्ट आहे. एकमेकांभोवती फिरतात, पण भेट कधी होत नाही. फेलोनावर उजेड आणि आनंद, सोरोनावर अंधार आणि दलदल. त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक कोणीतरी आहे. तिसऱ्या गाण्याचं नावच मुळी 'जगाचं रक्षण करणाऱ्याचा एकाकीपणा' या अर्थाचं आहे. मी लहानपणापासून प्रार्थना म्हणत आले, पण देवाला एकटं वाटत असेल हा विचार या नावाआधी माझ्या मनात आला नव्हता. पुढे पारडं फिरतं. अंधाऱ्या ग्रहाला उजेड मिळू लागतो आणि उजेडाच्या ग्रहाचा जाऊ लागतो. शेवटी उरतं शून्य. अख्खा अल्बम अवघ्या तेहतीस-चौतीस मिनिटांचा आहे. शेवटच्या गाण्यात शब्द नाहीतच. ड्रम आणि कीबोर्ड एकमेकांना ढकलत ढकलत कड्यापर्यंत नेतात आणि मग काहीच नाही. परदेशात विकण्यासाठी याची इंग्रजी आवृत्ती निघाली, तिचे शब्द व्हॅन डर ग्राफच्या पीटर हॅमिलने लिहिले. पण मूळ ऐका. भाषा येत नसली तरी ऐका.

नंतर हे सगळं फार लवकर संपलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून इटलीतलं वातावरण तापत गेलं. मैफलींना तिकीट का, संगीत फुकट हवं, म्हणून दारं तोडून आत घुसणारे जमाव, पोलीस, अश्रुधूर. मोठे परदेशी बँड तिकडे जायला कचरू लागले. मग पंक आलं, डिस्को आलं. वीस मिनिटांची रचना म्हणजे चेष्टेचा विषय झाली. बँड फुटले, किंवा साधी गाणी गाऊ लागले. तबकड्या जपल्या त्या संग्राहकांनी, आणि त्यांतले पुष्कळ जपानात होते.

म्हणजे आपल्याकडे संगीत नाटकाचं झालं तसंच थोडंफार. एका काळी रात्र रात्र चालणारं नाट्यसंगीत बोलपटाच्या झपाट्यात मागे पडलं, 'संपलं' असं म्हणून झालं, आणि मग साठच्या दशकात विद्याधर गोखल्यांनी 'पंडितराज जगन्नाथ', 'मंदारमाला' अशी नाटकं लिहून ते पुन्हा रंगमंचावर उभं केलं. त्या वेळीही कोणीतरी म्हणालंच असेल, हे काय नऊवारी नेसून...

तर जेनोव्हा, २००१. फाबियो झुफांती नावाचा बेसवादक. त्याचे आधीही 'फिनिस्तेरे', 'हॉस्टसोनाटेन' असे गट होते, आणि पुढे त्याने संगीतावर पुस्तकंही लिहिली. त्याने नवा बँड काढला: 'ला मास्केरा दी चेरा', म्हणजे मेणाचा मुखवटा. गायक आलेस्सांद्रो कोर्वालिया, कीबोर्डवर आगोस्तिनो माकोर, बासरीवर आंद्रेआ मोनेत्ती. रॉक बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रिक गिटार येते. यांनी सुरुवातीला गिटारवादकच घेतला नाही. ऑर्गन, मूग, मेलोट्रॉन, बासरी आणि घुमणारा बेस. शब्द फक्त इटालियन. पहिला अल्बम २००२मध्ये आला. २००३च्या दुसऱ्या अल्बममध्ये 'उलट्या समुद्रातला प्रवास' अशा अर्थाच्या नावाची दोन भागांतली लांबलचक रचना आहे. ऐकताना वाटतं की हे ध्वनिमुद्रण १९७३ सालीच कुठल्यातरी कपाटात ठेवलेलं असावं आणि कोणी किल्ली हरवली असावी.

'मेणाचा मुखवटा' या नावावर मी बराच वेळ अडकले. इतिहासाच्या एका पुस्तकात वाचलं होतं की प्राचीन रोममधल्या मानकरी घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घराच्या दर्शनी दालनात ठेवत. घरात कोणाचं निधन झालं की अंत्ययात्रेत ते मुखवटे बाहेर काढत आणि पूर्वजांच्या अंगकाठीची माणसं ते चेहऱ्यावर बांधून चालत. म्हणजे मेलेल्या माणसाबरोबर त्याचे पणजोबा, खापरपणजोबा चालत येत आहेत असं दिसे. पॉलिबियस या इतिहासकाराने त्याचं वर्णन केलं आहे. त्याला विचारायचं तर, तरुणांच्या मनावर याहून मोठा परिणाम करणारं दृश्य दुसरं नाही. आता सांगा, मुखवटा बांधून चालणारा तो माणूस नक्कल करत होता का? पाय त्याचेच होते. घाम त्यालाच येत होता. चेहरा मात्र पणजोबांचा.

नक्कल म्हणजे काय हे समजून घ्यायला मेलोट्रॉन या वाद्याइतकं चांगलं उदाहरण नाही. बाहेरून लहानशा पेटीसारखं दिसतं, पट्ट्या ३५. पण आत प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपची एक वेगळी फीत असते आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा कोरसचा तो एक सूर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते, आवाज येतो. सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढते. पण फीत किती? साधारण आठ सेकंदांची. आठ सेकंदांनंतर सूर संपतो, मग बोट कितीही घट्ट दाबून ठेवा. म्हणून मेलोट्रॉन वाजवणाऱ्याला हात उचलावाच लागतो. सूर सलग ओढता येत नाहीत, वाक्य तोडून तोडून बांधावं लागतं. त्यात टेपचा वेग जरा कमीजास्त होतो, दमट हवेत कुरकुर होते, आणि त्यामुळे सगळा कोरस दूरवरच्या, थोड्या आजारी माणसांचा वाटतो. आज हाच आवाज लॅपटॉपवर एका क्लिकवर मिळतो आणि हवा तेवढा वेळ ओढता येतो. तो ऐकून बघा आणि मग खऱ्याचा ऐका. लॅपटॉपवाल्याला श्वास लागत नाही.

मला इथे ओवी समजली, अगदी खरं सांगते. ओवीचे साडेतीन चरण म्हणजे ती आठ सेकंदांची फीत आहे. तीन चरण यमकाने बांधलेले, आणि चौथा आखूड, की हात उचलायचाच. 'ओवी लिहिते' म्हणजे मी जुने शब्द वापरते असं नाही. तेवढ्याच श्वासात बोलायचं असं मी कबूल करते. जो नुसते 'म्हणोनि', 'ऐसे', 'जैसे' घालतो तो लॅपटॉपवर मेलोट्रॉनचं बटण दाबतो. माझ्या त्या आठ ओव्यांपैकी निदान तीन तशाच होत्या. मागच्या बाकावरच्या मित्राला हे मी लेखी देते. पाचांचं मात्र देणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, फादर स्टीफन्सनीही हेच केलं ना? इंग्लंडात जन्मलेला माणूस १५७९ साली गोव्यात येतो, इथली भाषा शिकतो आणि १६१६मध्ये राचोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या लिहितो. जुन्या रूपात नवी कथा. पण इथे घाई करू नये. स्टीफन्सच्या काळी ओवी जुनी नव्हती. एकनाथांना जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, घराघरांत, देवळादेवळांत ओवी चालू होती. लोक ज्या वाटेने चालत होते त्या वाटेवर तो येऊन मिळाला. झुफांतीची वाट पंचवीस वर्षं बंद पडलेली होती, झुडपं वाढलेली. त्याला ती आधी साफ करायची होती. माझी अवस्था या दोघांच्या मधली कुठेतरी आहे. दळताना ओवी म्हणणारी माझी पणजी गेली, जातं बागेत तुळशीच्या कुंडीखाली आहे, पण चर्चमधल्या जुन्या गीतांत तिचा ठेका अजून ऐकू येतो. म्हणून मला स्टीफन्सपेक्षा झुफांतीकडून शिकायला जास्त मिळालं. फादर माफ करतील.

आणि आता २०१३चा अल्बम, ज्याच्यासाठी हे सगळं. 'ले पोर्ते देल दोमानी', म्हणजे उद्याची दारं. दुसऱ्याच्या शैलीत वाजवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या गोष्टीचा पुढचा अध्याय लिहिणं वेगळं. ला मास्केरा दी चेराने हा दुसरा, जास्त धोक्याचा उद्योग केला. फेलोना आणि सोरोना शून्यात गेल्यावर पुढे काय? पहिल्या गाण्यात ते शून्याकडून परत येतात. पुढच्याच गाण्याचं नाव 'हजार वर्षांचं युद्ध' अशा अर्थाचं. मूळ अल्बमची इंग्रजी आवृत्ती होती म्हणून यांनीही इंग्रजी आवृत्ती काढली. इतकं कसोशीने. या वेळी बँडमध्ये गिटार होती, लाउरा मार्सानो हिची. ती ले ओर्मेच्या त्या अल्बमसारखी वाजत नाही, कारण तिथे अशी गिटार नव्हतीच. मला ही गोष्ट आवडली. मुखवटा लावलेल्या माणसाने आपल्या पायांनी चालल्याची ती खूण आहे.

पण मूळ कृती पूर्ण असताना पुढचा भाग लिहायचा हक्क कोणाला? मराठीत आपल्याकडे अपूर्ण काम पूर्ण करण्याची परंपरा आहे. एकनाथांच्या भावार्थ रामायणात युद्धकांडाचे ४४ अध्याय होईपर्यंतच त्यांचा हात होता, पुढचं गावबाने पूर्ण केलं असं आपण शिकतो. तिथे जागा रिकामी होती, कोणीतरी बसायलाच हवं होतं. भवभूतीने 'उत्तररामचरित' लिहिलं तेव्हा तर त्याने वाल्मीकीचा शेवटच बदलला, राम आणि सीता यांना भेटवलं. ले ओर्मेची गोष्ट अपूर्ण नव्हती. शून्य हाच तिचा शेवट होता. म्हणून झुफांतीचं काम गावबापेक्षा भवभूतीच्या जवळचं आहे. आणि भवभूतीबद्दल वाचताना जी शंका येते तीच इथेही येते: शेवट सहन झाला नाही म्हणून तर हा पुढचा अंक नाही ना?

माझं मत विचाराल तर 'ले पोर्ते देल दोमानी' काही ठिकाणी जास्त गोड आहे. १९७३च्या अल्बममधली थंडी, ती तीन माणसांची काटकसर, इथे नाही. कोर्वालियाचा आवाज मोठा, नाट्यमय, जवळजवळ ऑपेराच्या गायकासारखा. ताल्यापिएत्राचा आवाज मुलासारखा, थोडा हरवलेला. शून्याबद्दल गायला हरवलेला आवाज बरा. पण पहिली पाच मिनिटं, शून्यातून वर येणारी, यांना तोड नाही. आणि शेवटच्या गाण्याचं नाव नीट वाचा: 'उद्याच्या दारांशी'. दारांतून आत नाही. दारांशी. पुन्हा एकदा सगळा अर्थ त्या छोट्याशा अव्ययात. आणून सोडलंय उंबऱ्यापर्यंत. एवढ्यासाठी मी त्या गोडपणाचे गुण कापत नाही.

२०१६ साली खुद्द ले ओर्मेने बदललेल्या माणसांसह 'फेलोना ए सोरोना' पुन्हा ध्वनिमुद्रित केला. म्हणजे ज्यांची पाऊलखूण, त्यांनीच त्या खुणेत पुन्हा पाय ठेवला. जेनोव्हातल्याच 'इल तेंपिओ देल्ले क्लेस्सिद्रे' या बँडने त्याच्याही पुढची गंमत केली. एलिसा मोंताल्दोने उभा केलेला हा बँड. म्युझिओ रोझेनबाख या जुन्या बँडचा १९७३चा 'झराथुस्त्रा' हा अल्बम, त्यातल्याच एका भागाचं नाव यांनी आपल्या बँडला दिलं आणि त्या अल्बमचा मूळ गायक गालिफी यालाच गायला बोलावलं. २०१०मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, गाणी नवी, आवाज सदतीस वर्षांपूर्वीचा. इथे मुखवटा आणि चेहरा यांतला फरकच मिटला. यावर एक स्वतंत्र लेख होईल, आता नको.

आणि मास्केरा दी चेराचं पुढे काय? २०२०मध्ये त्यांचा सहावा स्टुडिओ अल्बम आला, 'सेई'. इटालियनमध्ये सेई म्हणजे सहा, आणि 'तू आहेस' असाही अर्थ. शिवाय ही तीन शब्दांची आद्याक्षरंही आहेत: विरह, स्वपूजा, फसवणूक. त्यात फक्त तीन रचना आहेत. कोणाचीही पुढची गोष्ट नाही. दुसऱ्याच्या शेवटापासून सुरुवात करून झाल्यावर माणसं आपल्या गोष्टीकडे अशी आली.

ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. मोबाईलच्या स्पीकरवर हे ऐकू नका, इअरफोन लावा. आधी 'फेलोना ए सोरोना' सलग ऐका, गाणी उलटसुलट करून नाही. मग मावसभावाने मला सांगितलं तसं, न थांबता पुढचं. मध्ये जाहिरात आली तर सगळं फुकट, ते आधी बघून घ्या.

आता थोडं घरचं. माझे आजोबा, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, चर्चच्या गायनमंडळात व्हायोलिन वाजवायचे. गीतंही लिहायचे, छापायला कुठे दिली नाहीत. ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्या वहीत एक गीत आहे, दोन नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या मिस्सासाठी. तीन कडवी आहेत. तिसरं थडग्यावरच्या दगडापाशी येऊन थांबतं, आणि पुढचं पान कोरं आहे. गायनमंडळातले काका मला म्हणाले, "तू लिहितेस ना गं काहीबाही? चौथं कडवं घाल की. पुनरुत्थानाचं घाल. असं दगडावर कसं संपवायचं, लोक रडत घरी जातील." मी हो म्हणाले आणि चार महिने काही केलं नाही. नाना गावबासाठी जागा सोडून गेले होते, की त्यांचं गीत तिथेच संपलं होतं? कोऱ्या पानावरून कळत नाही. आजीला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना चहा प्यायला उठायचं असेल, दुसरं काय." कदाचित तेच खरं असेल.

सिस्टरांशी त्या दिवशी 'आल' आणि 'दाल' यांवर बोलले त्याच रात्री मी वही उघडली. नानांची चाल अवघड आहे, दर ओळीत एका जागी श्वास घ्यावाच लागतो, व्हायोलिनचा गज तिथे फिरतो म्हणून. ती जागा मी तशीच ठेवली. 'दगड' हा त्यांचा शब्दही ठेवला, पहिल्याच ओळीत, फक्त त्याच्यापुढचं अव्यय बदललं. पुनरुत्थान वगैरे शब्द घातला नाही. पहाट आहे, बाया सुगंधी द्रव्य घेऊन वाटेवर आहेत, अजून पोचलेल्या नाहीत.

त्यांच्या पानावर लिहिलं नाही. वेगळ्या कागदावर लिहून मध्ये ठेवलंय. काकांना येत्या गुरुवारी सरावाला दाखवणार आहे, आणि नऊवारीवाल्या मित्रालाही बोलावलंय. त्याचा आवाज चांगला आहे आणि आमच्याकडे टेनर कमी आहेत.